साइनताई आणि हुसकलेला ‘आय’

कागदावर ‘आय’ दिसला की साइनताईंचं डोकं फिरायचं. आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. चिंचवडच्या आमच्या इंजिनाच्या कारखान्यात हादऱ्यांची गणितं ‘ई’ या ठरलेल्या संख्येच्या घातांकात आय घालून मांडत, कारण ती तशी पटकन सुटत. पण कागद खाली शॉपमध्ये, म्हणजे इंजिनं बनत तिथं, जाण्याआधी ताई तो आय हुसकून सगळं साइन-कॉसमध्ये लिहून काढत. म्हणायच्या, “खालच्या माणसाला इंजिन किती हलणार ते सांगा. हे भूत त्याच्या मानगुटीवर कशाला?”

ताईंचे वडील फाउंड्रीत लोखंड ओतण्यात राबलेले. त्यांनीच लेकीला एम.एस्सी. केलं. आता ते खोकल्यानं घरी बसलेले, घर ताईंच्या पगारावर. म्हणून एकोणीसशे ऐंशीनंतर कंपनीत अक्षरांचं बीजगणित करणारा कॉम्प्युटर आला, तेव्हा ताईंच्या नोकरीची काळजी आम्हालाच लागली.

ताईंना आठवडा खाणारं समीकरण इंजिनिअरनं त्यात घातलं. उत्तर आलं, पण आयनं भरलेलं. आम्ही हुश्श केलं. तेवढ्यात ताईच म्हणाल्या, “अहो, अर्धं कच्चं राहिलंय. साइन-कॉसमध्ये लिही म्हणावं त्याला.” इंजिनिअरनं हुकूम दिला. प्रिंटर खडखडला, आणि कागदावर नुसते साइन आणि कॉस! आय औषधालाही नाही. आई शप्पथ, मला वाटलं, गेली ताईंची नोकरी!

ताईंनी दोन-चार किमती घालून उत्तर ताडून पाहिलं. मग चक्क टाळी वाजवली! “सुटले बाई! साहेब, आता मला खाली टेस्टिंगला पाठवा. इतकी वर्षं हादरे लिहितेय, एकदाही इंजिनाजवळ उभी राहिले नाही.”

आमच्या खात्याचे साहेब तिथंच होते, ते हसले. “तिथं तेल, ग्रीस, सगळे पुरुष. बायकांचं काम नाही ते. तुम्ही बसा वरच, पगार चालू राहील.”

“कशाचा पगार? मी काय शोभेची बाहुली आहे?”

दुसऱ्या दिवशी राजीनामा! घरी आजारी बाप, आणि ही बाई चालता पगार सोडून गेली.

जुने लोक भेटले की हळहळतात, “त्या मशीननं साइनताईंची नोकरी खाल्ली, राव.” माझं टाळकंच सरकतं. मशीननं कुठली खाल्ली? मी तिथंच उभा होतो. त्यांना घालवलं ते साहेबांनी.