दव पाहायला जाणारी बाई

आमच्या ह्यांना साखर निघाली तेव्हा आम्ही पांढरकवड्याला होतो. हे तहसील कचेरीत अव्वल कारकून. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज पहाटे तासभर चालायला सांगितलं. ह्यांनी डॉक्टरांपुढे मान डोलावली आणि घरी आल्यावर मला म्हणाले की तुझंही अंग सुटत चाललंय, तूही चल. म्हणजे दुखणं ह्यांचं आणि ह्यांना हलवून उठवायचं, मफलर शोधून द्यायचं, घराबाहेर काढायचं काम माझं.

गाव संपलं की हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांचं एक हॉटेल होतं आणि तिथूनच शेतांकडे जाणारी पांधण फुटायची. सुरुवातीला हे माझ्याबरोबर पांधणीत शिरले. मग एकदा बुटात खडा गेला म्हणून हॉटेलच्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी खडा नव्हता, तरी बसले. तू हो पुढे, मी आलोच, असं सांगून ह्यांनी जे बूड टेकलं ते मी परत येईपर्यंत उचललं नाही. तिथला चहा गोड असायचा, आणि आंध्रातून रात्रभर गाडी हाकून आलेल्या ड्रायव्हरांशी ह्यांची छान मैत्री झाली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं मी चालत होते आणि साखर हे पीत होते.

माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी होती. लग्न जमवताना तिचा उपयोग झाला होता, त्यानंतर फारसा नाही. भाजी निवडताना सासूबाई मात्र म्हणायच्या, तुला तर यातलं कळत असेल. त्या पांधणीत एकटी चालायला लागल्यावर ती पदवी पहिल्यांदा माझ्या कामी आली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मधे धुऱ्यांवर, शेतांच्या बांधांवर, तरोटा, कुर्डू, एकदांडी, आघाडा. दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडलेली. सगळ्यावर दव. गवताच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला एक थेंब लोंबत असायचा, आणि मी तो बघत उभी राहायची. मग आठवलं की टोकावरचा तो थेंब खरं तर दव नव्हेच, रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पान तिथून बाहेर टाकतं. परीक्षेत मला हा प्रश्न आला होता. म्हणजे मी ज्याला दव समजून हरखत होते त्यातलं निम्मं दव नव्हतंच. पण हरखण्यात काही फरक पडला नाही.

कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हेही मी पुस्तकात वाचलं होतं. आता एकाच झाडावर दोन्ही रंग दिसायचे. गुलाबी झालेल्या एखाद्या फुलाच्या पाकळ्या उघडल्याच नसल्या तर त्यात अळी असायची. ती अळीही सुरेख गुलाबी असते. गावात कुणासमोर तिला सुरेख म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी मनातच म्हणायची. पुष्कळदा मनातल्या मनात राहायचं नाही, ओठ हलायचे. कॉलेजात घोकलेली लॅटिन नावं मी झाडांना एकेक करून म्हणून दाखवायची.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं आणि कशासाठी येतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरहून, मुंबईहून, कधी त्याच्याही पलीकडून गाड्या यायच्या. कॅमेरेवाले यायचे, पाहणी करणारे यायचे, पाहणी करणाऱ्यांची सोय पाहायला ह्यांच्या कचेरीतले लोक जायचे. शेतात बाहेरचं माणूस दिसलं तर ते नक्की कशासाठी आलंय याचा अंदाज लोक लगेच बांधायचे. माझ्याजवळ कॅमेरा नव्हता, कागद नव्हता, गाडी नव्हती. माझा अंदाज त्यांना बांधता येत नसावा, असं मला वाटायचं.

पांधणीच्या दुसऱ्या टोकाला एक तांडा होता. पूर्वी बैलांवर माल लादून मुलूखभर फिरणाऱ्या लोकांचा. आता ते तिथेच शेती करत. आपसात त्यांची गोरबोली, माझ्याशी वऱ्हाडी. तिथली एक म्हातारी मला वाटेत भेटायला लागली. पहिल्यांदा तिनं विचारलं, मी कोणाची, कुठं राहते, लेकरं किती. मग घरी सगळं बरं आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, बरं आहे. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा बरं आहे म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं, पण बायकांना अशी उत्तरं खरी वाटत नाहीतच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर चालायला लागली. मी थांबले की थांबायची, मी वाकले की वाकायची. तांड्यातल्या बायका आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडी म्हणू लागले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आपल्याला एक विद्यार्थिनी मिळाली. मी तिला कोळ्यांबद्दल सांगितलं, की जाळं विणणारी सहसा मादी असते, आणि दव पडलं की एरवी न दिसणारी जाळी कशी दिसायला लागतात. ती ऐकायची. इतकं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. फक्त ती जाळ्याकडे न बघता सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघायची. मी मोठ्या कौतुकानं दाखवलेलं कुर्डूचं रोप तिनं बोलता बोलता उपटून धुऱ्यावर फेकलं. त्याचं नाव काय म्हणता तुम्ही, असं विचारलं तर म्हणाली, "कचराच हाये तो."

तिच्या अंगावर गरम कपडा नसायचा. मी एके दिवशी माझा विणलेला स्वेटर काढून तिला दिला. मला घरी दुसरा होता. ती तो हातात धरून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, गहिवरली.

त्यानंतर मात्र पांधणीत गर्दी वाढली. मी कुठेही थांबले तरी जवळपास कुणीतरी असायचं. कुणी सरपण वेचतंय, कुणी शेळी शोधतंय. एक बाई तर रोज माझ्यामागून हंडा घेऊन यायची आणि तो हंडा रिकामाच परत न्यायची. मी घरी ह्यांना सांगितलं की लोकांना आता निसर्गाची गोडी लागायला लागली आहे. हे म्हणाले, छान.

त्या वाटेवर एक विहीर होती. तिला कठडा नव्हता. आतल्या बांधकामातून उंबराचं झाड फुटलं होतं आणि मोटरच्या पाइपापासून उंबराच्या फांदीपर्यंत एका कोळिणीनं चांगलं सुपाएवढं जाळं विणलं होतं. एका सकाळी धुकं दाट होतं आणि त्या जाळ्याचा धागान् धागा दवानं लगडला होता. मधे ती कोळीण बसली होती, तिच्या पाठीवरही थेंब होते. मला ते थेंब जवळून बघायचे होते. मी चपला काढल्या, कारण कडेचा दगड ओला होता. गुडघे टेकले, दोन्ही हात दगडावर रोवले आणि विहिरीत मान घातली.

पुढचं फार झटकन झालं. कुणीतरी मागून माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला असं ओढलं की मी पाठीवर पडले आणि ओढणारी माझ्याखाली. ती याडी होती. तिनं मला कमरेला मिठी घातली होती आणि ती काही केल्या सोडत नव्हती. शेळीवाली, सरपणवाली, हंडेवाली सगळ्या धावत आल्या. एकीनं माझ्या चपला उचलल्या. कुणी मला ओरडलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. दोघींनी दोन दंड धरले आणि मला तांड्यावर नायकाच्या ओसरीत नेऊन बसवलं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्यानं आधी मला पाणी दिलं आणि मग माणूस पाठवून ह्यांना हॉटेलातून बोलावून आणलं. ह्यांना पांधणीत कुणी पाहिलेलं नसलं तरी ते कुठे सापडतील हे सगळ्यांना माहीत होतं.

हे आले तेव्हा ह्यांच्या मिशीला चहाची साय होती. एरवी कचेरीत दाखल्यासाठी नायक ह्यांच्या टेबलापुढे उभा राहायचा. इथं नायक बाजेवर बसला होता आणि हे उभे होते. नायक फार अदबीनं बोलला. साहेब, बाईंना काय त्रास आहे घरी, मारता का, सासू छळते का, असं त्यानं एकेक करून विचारलं. आई तर अमरावतीला असते, एवढंच हे म्हणाले.

मग हळूहळू उलगडा झाला. महिन्यापूर्वी एक जीप तांड्यावर येऊन गेली होती. जीपमधल्या लोकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं की जीव द्यायला निघालेला माणूस कसा ओळखायचा. तो एकटाच फिरतो. एका जागी बघत उभा राहतो. स्वतःशीच बोलतो. जवळच्या वस्तू लोकांना देऊन टाकतो. असं माणूस दिसलं तर त्याला एकटं सोडू नका, बोलतं ठेवा. तांड्यानं ते मनापासून ऐकलं होतं. आणि नंतर महिनाभर त्या वर्णनात तंतोतंत बसणारी एक बाई पहाटे पहाटे त्यांच्या शेतातून फिरत होती.

ह्यांनी सांगून पाहिलं की बाई कोळी पाहते. कुणाचाच विश्वास बसला नाही. मीही तेच सांगितलं तेव्हा तर उरलासुरला संशयही फिटला. कोळ्याचं जाळं पाहायला कोणती बाई घरातली जाळी सोडून एवढ्या थंडीत कोसभर चालत येते, असं नायकानं विचारलं, आणि ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ह्यांनाही तो प्रश्न पहिल्यांदाच पडला असावा.

मला हसू येत होतं. आता मी हसणार, सगळं हसण्यावारी जाणार आणि आपण घरी जाणार, असा माझा हिशोब होता. तेवढ्यात याडी बोलली. ती माझ्याच शेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि माझा पदर अजून तिच्या मुठीत होता.

"माहा पोरगा बी असाच उभा राहे," ती म्हणाली. "सकायी सकायी. झाडाकडं पाहत. मले वाटे, पऱ्हाटी पाहून राह्यला."

ही गोष्ट तिथं सगळ्यांना ठाऊक होती, नव्यानं कळली ती आम्हा दोघांनाच. हसण्यावारी न्यायचं मी सोडून दिलं.

"याडी, मी नाही तशी," मी म्हटलं.

"कोणीच नसते तशी," ती म्हणाली, आणि तिनं पदर सोडला नाही.

शेवटी ह्यांनी नायकाला शब्द दिला की यापुढे बाई एकटी फिरणार नाही, मी सोबत असेन. घरी शब्द देणं वेगळं आणि साऱ्या तांड्यासमोर देणं वेगळं. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं हाक मारली तरी हे बाकावर टेकले नाहीत, कारण हंडेवाली पांधणीच्या तोंडाशीच उभी होती. हे रोज चालू लागले. उन्हाळ्याआधी साखर उतरली. डॉक्टरांनी ते स्वतःच्या गोळ्यांचं यश मानलं आणि आम्ही त्यांना मानू दिलं.

याडीनं मात्र आमचा पिच्छा सोडला नाही. नवऱ्याच्या भरवशावर बाई सोपवावी असं ह्यांच्यात तिला काही दिसलं नसावं. आम्ही तिघं मिळून फिरायचो. मी झाडं पाहायची, याडी मला पाहायची आणि हे घड्याळ पाहायचे. हसावं की नाही हे मला कळत नसे. पोराबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. एकदा तिनंच सांगितलं की त्याला वांग्याची भाजी आवडत नसे, आणि तेवढंच सांगून ती पुढे चालायला लागली.

त्याच थंडीत तिच्या वावरात वेचणी सुरू झाली. बोंडं फुटून पांढरं झालेलं सगळं शेत सकाळी दवानं ओलं असायचं. ओला कापूस वेचला तर पिवळा पडतो, व्यापारी नाक मुरडतो, म्हणून दव वाळेपर्यंत बायका धुऱ्यावर बसून राहायच्या. मी जे पाहायला एवढी तंगडतोड करायची, त्याच्या नावानं त्या बोटं मोडायच्या. आम्हीही त्यांच्यात बसायचो. शेळीवाली बाई ह्यांना सातबाऱ्याच्या भानगडी विचारायची आणि हे गवतावर पंचा अंथरून, कचेरीत कधी सांगितलं नसेल इतकं सविस्तर सांगायचे.

एका सकाळी ऊन वर आलं तशा बायका उठल्या आणि कापसाच्या ओळींना, तासांना, लागल्या. मी धुऱ्यावरच एका ढालकिड्याकडे बघत उभी होते. याडी परत आली. तिनं एक जुनं लुगडं माझ्या कमरेला गुंडाळून पुढे त्याची झोळी केली.

"उभीच राह्यतं तं वेच," ती म्हणाली.

मी वेचायला लागले. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचत होती. मी एक झाड संपवेपर्यंत बाकीच्या कुठच्या कुठे गेल्या होत्या. थोड्या वेळानं मागं पाहिलं तर हेही शेजारच्या तासात वाकले होते. पँटचे पाय दुमडलेले, गळ्यात पंचाची झोळी. ह्यांना पान आणि कापूस वेगळा करता येईना. मुठीनं ओढायचे आणि बोंडाबरोबर सगळा पाचोळा झोळीत टाकायचे. याडी ह्यांच्यामागून चालत होती. ह्यांच्या झोळीत हात घालून ती पत्ती निवडून काढून टाकत होती आणि त्यानंतर सगळी सकाळ, पहिल्यांदाच, तिनं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.