तुलनेचं गाव

बी.एस्सी. होऊन वर्ष झालं तरी मी भंडाऱ्याजवळच्या कारध्याला घरीच बसून होते. आमच्या घरात विज्ञान शिकलेली मी पहिली. त्यामुळे पवनी तालुक्यात काम करणाऱ्या एका वैद्यकीय पथकात जागा मिळाली, तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं, "पोरगी संशोधन करते." खरं तर मी तराजू, वही आणि स्टॉपवॉच घेऊन घरोघर फिरणारी मदतनीस होते. पण बाबांनी सांगितलेलं मलाही आवडलं होतं.

अभ्यास लाखोरीचा, म्हणजे लाखेच्या डाळीचा होता. धान कापणीला येतो तेव्हा बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, ओलीवर आमच्याकडे लाखोरीचं बी फेकतात. ना नांगर, ना पाणी, तरी ती येते. पीक बुडालं की गरिबाच्या घरी दोन्ही वेळ तीच शिजते, तिच्याच पिठाची भाकरी होते. अशी महिनोन् महिने खाल्ली की काहींचे पाय अकडतात. टाचा उचलल्या जातात, गुडघे एकमेकांवर घासतात, आणि माणूस काठीशिवाय चालू शकत नाही. तो परत पहिल्यासारखा होत नाही. औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

पथकाच्या प्रमुखांना, आमच्या साहेबांना, एक साधी गोष्ट तपासायची होती. लाखोरी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं, मग भरपूर पाण्यात उकळून तेही फेकलं, तर त्यातलं विष बरंच निघून जातं. हे प्रयोगशाळेत दिसलं होतं. गावातल्या चुलीवर ते साधतं का, आणि त्याने पाय वाचतात का, हे पाहायचं होतं. त्यासाठी दोन गावं निवडली होती. पहिल्या गावात बायांना पाणी फेकायला शिकवायचं. दुसऱ्या गावात काही सांगायचं नाही, फक्त मोजायचं. दुसऱ्याला ते "तुलनेचं गाव" म्हणत. ते गाव माझ्या वाट्याला आलं.

"दोन्हीकडे सांगितलं तर फरक कशाने पडला ते कळणार कसं?" साहेब म्हणाले. "एक वर्षाचा प्रश्न आहे. मग त्यांनाही सांगू."

ते वाईट माणूस नव्हते. गावात मिळेल ते खायचे, रुग्णाच्या पायाशी जमिनीवर बसायचे. मला त्यांचं म्हणणं पटलं. नुसतं पटलं नाही, त्या विचाराच्या नेटकेपणाचा मला आनंद झाला, हे आज लिहिताना लाज वाटते.

तुलनेच्या गावात माझा मुक्काम शाळेच्या खोलीत असे. शेजारच्या घरी एक जोडपं राहायचं. मी तिला वहिनी म्हणायची, तिच्या नवऱ्याला भाऊ. ती माझ्याच वयाची. तिचा नवरा पाटलाकडे बारमाही गडी होता. नांगरामागे चालण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. दर महिन्याला मी अंगणात खडूने दोन रेघा मारून सगळ्यांना त्यांच्यामधून चालायला लावी, आणि हा भाऊ हसत दोन ढांगांत पार होई. "लिव्हा बाई, घोडा पास झाला," म्हणे.

त्या वर्षी पावसाने भादव्यातच पाठ फिरवली. धान पोटरीतच वाळला. बांध्यांमध्ये जी काही ओल राहिली होती तिच्यावर लाखोरी मात्र आली. माघापासून माझ्या वहीत प्रत्येक घरासमोर तेच एक नाव पडू लागलं. वहिनीच्या घरी सकाळी लाखोरीचं वरण, संध्याकाळी लाखोरीची भाकरी. मी तिच्या चुलीजवळ बसून ती तोलायची, लिहायची, आणि पुष्कळदा तिच्याच हातचं जेवायची.

एका दुपारी ती डाळ निवडता निवडता म्हणाली, "बाई, तिकडच्या गावात तुमचे लोक बायांना लाखोरी शिजवाले शिकवतात मनतात. माही मावसबहीण हाय तिथं. काय शिकवतात?"

"ते वेगळं काम आहे वहिनी," मी म्हणाले.

"वेगळं मंजे?"

"मला नीट माहीत नाही."

ती "बरं" म्हणाली आणि खडे वेचू लागली. मी वही मिटली. मला सगळं माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, नाल्याला पूर आला. वाट बंद झाली म्हणून मी तीन आठवडे कारध्याला होते. परत गेले तेव्हा वहिनीच्या दारात भाऊ चौकटीला धरून उभा होता. मला पाहून हसला नाही. त्याच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

"बांधीत चिखल करून राहिलो होतो," तो म्हणाला. "बैलामागं चालता चालता पिंढऱ्या अशा ताठ झाल्या का पडलोच. चार दिसात बरं वाटन, नाई का?"

तो स्वतःच काठी घेऊन अंगणात उतरला. खडूची रेघ मी मारलीच नव्हती, पण सवयीने तो तिथून चालायला लागला. एक गुडघा दुसऱ्याला अडला. वहिनीने धावत जाऊन त्याला धरलं.

आत चुलीवर लाखोरी शिजत होती. मी ती उतरवली आणि तिचं पाणी परसात ओतलं. वहिनी दारात येऊन पाहत राहिली.

"काय करून राहिल्या?"

मग मी सांगितलं. आधी भिजवायचं, ते पाणी फेकायचं, मग उकळायचं, तेही फेकायचं. तिकडच्या गावात हेच शिकवतात.

"तुमाले कवापासून मालूम हाय?"

"पहिल्यापासून."

"मी इचारलं तवा बी?"

"हो."

ती खाली बसली. बाहेरून भाऊ विचारत होता, "काय झालं वो?" शेवटी ती म्हणाली, "पानीच फेकाचं होतं. काहून नाई सांगतलं? त्याले कोनता खर्च होता?"

"आम्हाला सांगायची मनाई होती," मी म्हणाले. हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा मनात बदलून पाहिलं आहे. कुठल्याही शब्दांत ते चांगलं दिसत नाही.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी गावातलं प्रत्येक घर गाठलं. प्रत्येक बाईला करून दाखवलं. कुणी म्हणाल्या चव जाते, कुणी म्हणाल्या इतकं सरपण कुठून आणायचं. तरी दाखवलं. मग वहीत तारीख घालून लिहिलं की या गावात आता सगळ्यांना सांगितलं आहे, आणि ते मी सांगितलं आहे.

साहेब आले. त्यांनी वही वाचली, भाऊला तपासलं, त्याच्या पायांवरून बराच वेळ हात फिरवला. शाळेच्या खोलीत आल्यावर म्हणाले, "हे गाव आता अभ्यासातून गेलं."

"हो साहेब."

"तुमच्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही," एवढं बोलून ते खिडकीशी उभे राहिले. त्यांनी मला काढलं नाही. मीच पुढच्या महिन्यात काम सोडलं. बाबांनी कारण विचारलं, तेव्हा प्रवास झेपत नाही असं सांगितलं.

पुढे पथकाचा अहवाल छापून आला. साहेबांनी आठवणीने एक प्रत पाठवली. पहिल्या गावात त्या वर्षी नवा रुग्ण झाला नव्हता. तुलनेच्या गावाबद्दल एक ओळ होती, की काही अडचणींमुळे तिथली निरीक्षणं धरलेली नाहीत. ती ओळ वाचून मी प्रत मिटली आणि कपाटात ठेवली.

मी भंडाऱ्याला शाळेत विज्ञान शिकवू लागले. दोन कुंड्यांचा प्रयोग दरवर्षी यायचा. एकीला ऊन द्यायचं, दुसरी अंधारात ठेवायची. मुली विचारायच्या, "बाई, दुसरी काहून मारायची?" मी पुस्तकातलं उत्तर द्यायची.

सात-आठ वर्षांनी पवनीच्या बाजारात वहिनी दिसली. अंबाडीच्या दोरांची भेंडोळी पुढे घेऊन बसली होती. मीच समोर जाऊन उभी राहिले. तिने ओळखलं. माझ्या आईची चौकशी केली. मी भाऊचं विचारलं.

"बसल्या बसल्या दोर वळतात. आता दोन काठ्या लागतात. कवा कवा मनतात, नांगराले हात लावू दे. मंग पाटलाच्या गोठ्यापावतर नेतो मी त्याईले, बैलाच्या पाठीवर हात फिरवतात अन् येतात." मग ती म्हणाली, "गावात आता सगळ्या बाया पानी फेकतात. नवी सून आली तं तिले पयले तेच शिकवतात."

"तुम्ही शिकवता?"

"हाव. मीच शिकवतो."

मला माफी मागायची होती. बाजाराच्या त्या गलक्यात, दोराच्या भेंडोळ्यांपुढे, ती कशी मागतात ते मला कळेना. तिची जायची वेळ झाली होती. तिने उरलेली भेंडोळी एका फडक्यात बांधली आणि ओझं उचलायला वाकली. मी हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने ओझं स्वतःच डोक्यावर घेतलं आणि बसच्या दिशेने चालू लागली.