काकींनी निवडलेला मेंढा

नव्वदच्या दशकात, एका डिसेंबरच्या सकाळी, सापगावात भर रस्त्यावर पंधरा-वीस पुरुषांच्या देखत आमच्या शेजारच्या काकी एका मेंढ्याच्या मागे उकिडव्या बसल्या आणि त्याचे वृषण चाचपू लागल्या.

पुरुष आभाळाकडे पाहू लागले. पोस्टमनने सायकलची चेन तपासली. ती उतरलेली नव्हती.

"काकी, जरा लाज धरा," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्याला नाय लाज, मला कशाला?"

यामागचा प्रकार आदल्या वर्षीचा. काकींच्या परसात माहेराहून, सिद्धगडाच्या पायथ्याहून आणलेल्या सहा मेंढ्या होत्या. भात झोडून झालं की घाटावरचे मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरत. त्यांच्याकडून मेंढा घ्यायचा होता. काकी नेमक्या माहेरी गेल्या होत्या, म्हणून काका गेले. काका शहापूरला कचेरीत कारकून. कळपाच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेला, वळणदार शिंगांचा मेंढा चालत होता. काकांनी बोट दाखवलं.

"मालक, ह्यो नगा नेऊ. तुमच्या कामाचा न्हाय," मेंढपाळ म्हणाला.

काकांना वाटलं, हा चांगला माल लपवतोय. त्यांनी हट्टाने तोच आणला.

कळपापुढे चालायला मेंढपाळ खच्ची केलेला मेंढा ठेवतात. तो माद्यांच्या मागे लागत नाही, सरळ चालतो. हे मेंढपाळांना ठाऊक असतं, कारकुनांना नसतं.

चार दिवसांनी काकी परतल्या. त्यांनी मेंढा मागून पाहिला.

"हा काय आणलात, ओवाळायला?"

"शिंगं बघ गो त्याची!"

"शिंगांनी कोकरं होतात?"

तोवर कळप मुरबाडकडे निघून गेला होता, आणि काका चूक कबूल करणाऱ्यांपैकी नव्हते. मेंढा वर्षभर खाऊन टुम्म झाला. कोकरू एकही झालं नाही. काकांनी निकाल दिला, "मेंढ्याच वांझ आहेत. पुढच्या पावसाआधी व्याल्या नाहीत तर सहाच्या सहा खाटकाला."

काकींना मूल नव्हतं. तो शब्द आळीत त्यांच्यासमोर कोणी वापरत नसे.

काकी सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "तपासायचं तर आधी नर तपासा," एवढंच त्या म्हणाल्या. काका चहा अर्धा टाकून कचेरीला गेले.

म्हणून त्या सकाळी काकी स्वतः रस्त्यावर होत्या. एकामागून एक सात मेंढे त्यांनी पाहिले. ओठ वर करून दात, पापणी ओढून आतला रंग, मागच्या पायांची ठेवण, आणि शेवटी ते. एकाला सोडताना म्हणाल्या, "ह्याचं नुसतं नाव मेंढा." आठव्यापाशी त्या थांबल्या. एक शिंग मोडकं, अंगाला उग्र वास, चाचपतानाही पुढच्या मेंढीकडे झेप घेणारा.

"ह्याची आई दाखव रे."

मेंढपाळाने आई दाखवली. तिच्या पायाशी जुळी कोकरं होती.

"दिसायला अगदीच भिकार आहे," पुरुषांत उभे असलेले काका म्हणाले.

"मला काय त्याच्याशी लगीन लावायचंय? दिसण्यावर जाऊन एकदा फसले ना मी."

पुरुष हसले. काकाही हसले, जरा उशिरा.

मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पाच मेंढ्या व्याल्या. सहावी व्याली नाही. काकांनी खाटकाचं नाव काढलं तेव्हा मी अंगणातच होतो. काकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तिला. खाते किती ती?" काकांनी पुन्हा विषय काढल्याचं मी ऐकलं नाही.

दोन हजार सालानंतर, एका पावसाळ्यात, काकी तापाने गेल्या. दहाव्याला मी गेलो तेव्हा सहावी मेंढी परसात होती. दात पडले होते. काका तिला पाला बारीक तोडून भरवत होते.