खिडकीतल्या चिंध्या

"खिडक्या उघडा" हे दोन शब्द मी त्या पावसाळ्यात इतक्यांदा बोलले, की लोहाऱ्यातल्या बायका मला लांबून बघूनच म्हणायच्या, "आली खिडकीवाली सिस्टर." मी आरोग्यसेविका. लसी, बाळंतपणं, गोळ्या ही माझी नेहमीची कामं. पण त्या साली भाद्रपद संपला तरी पाऊस हटेना. स्लॅब गळायला लागले, भिंतींना ओल चढली आणि ओलीवर काळी बुरशी. खोकल्याचे पेशंट वाढले, तसं घरोघरी जाऊन बुरशीपासून कसं जपायचं ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

माझं भाषण पाठ होतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. वाकळा भिंतीला टेकवून रचू नका. काळं दिसलं तर कोरड्या खराट्यानं झाडू नका, ते उडून छातीत जातं. नाकाला फडकं बांधा, साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या, रंग मारून झाकू नका. ज्याला दमा आहे त्याला हे काम देऊच नका. आणि रोज खिडक्या उघडा. बायका "व्हय सिस्टर" म्हणायच्या आणि आठ दिवसांनी गेलं की कपाट जिथल्या तिथं, खिडकी बंद. पालथ्या घड्यावर पाणी. मी तोंडानं फटकळ आहे. एकदोघींना मी "मरायचंय का?" असंही विचारलंय. खिडकी बंद का असते, एवढं मात्र मी कुणालाच विचारलं नव्हतं.

एका गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर होतं. सासू, मुलगा आणि सून. मुलगा तुळजापूरच्या रस्त्यावर जीप चालवायचा. सुनेला दमा होता, तिचा पंप आमच्याच दवाखान्यातून जायचा. आतल्या खोलीची मागची भिंत शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीला लागून, त्यामुळं ती बारा महिने ओली. सगळ्या गल्लीत ती सून एकटीच अशी, जी मी सांगितलेलं मला परत म्हणून दाखवायची. म्हणून तिच्याबद्दल मी निर्धास्त होते.

नवरात्रातल्या पाचव्या माळेच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला मी त्या घरावरून चालले होते. सासू उंबऱ्याशी भगर निवडत बसली होती.

"सून कुठंय, मावशी?"

"घटापाशी बसलीया. लई मनोभावे करतीया औंदा."

तेवढ्यात मला आतून शिट्टी ऐकू आली. तोंडातली नव्हे, छातीतली. मी चप्पल काढली आणि आत घुसले.

खोलीत धुपाचा धूर कोंडला होता. मातीत पेरलेला घट, वर पाच माळा, बाजूला समई. घटाच्या मागं भिंतीवर जरीची साडी खिळ्यांना ताणून लावलेली. मी तिचा पदर उचलून बघितला. मागची भिंत कंबरेइतकी काळी होती आणि तिच्यावर खराट्याचे ओरखडे होते. घट बसवायच्या आधी घर झाडायचं म्हणून सुनेनंच ती कोरडी खरडली होती. एकुलती एक खिडकी बंद होती आणि तिच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या.

सून दोन्ही हात जमिनीवर टेकून पुढं वाकून बसली होती. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, ओठ निळसर पडले होते.

"पंप कुठंय?"

"कपाटात. उपासाला... चालतो का... म्हाईत न्हवतं."

दोन शब्द आणि श्वास, दोन शब्द आणि श्वास. ते मोजतच मी तिच्या काखेत हात घातला. "उठ, बाहेर चल."

"दिवा... एकटा सोडता येत न्हाय."

घटाशेजारचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. आणि मागल्या नवरात्रात ही सून बसलेली असताना तो विझला होता, महिन्याभरात सासरे गेले होते, हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. फक्त या खिडकीचा आणि त्या दिव्याचा संबंध माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तो तिथं उभ्या उभ्या आला, आणि मला इतका राग आला की तो कुणावर काढावा ते कळेना. मी चिंध्या ओढल्या. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर नव्हता. मी कडी काढून दोन्ही झडपा धाडकन उघडल्या.

वारा आत आला आणि दिवा विझला.

आधी ताट आडवं धरलं असतं तर वाचला असता. पण रागात माणसाला ताट सुचत नाही.

वातीचा धूर सरळ वर गेला. सुनेच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि ती खिडकी लावायला गुडघ्यांवर सरकायला लागली. दारात सासू येऊन उभी राहिली होती, हातात भगरीचं सूप तसंच.

"माझ्या हातानं विझला," मी म्हणाले. "पाप लागायचं तर मला लागू दे."

मी कपाटातून पंप आणला, सुनेला ओल्या भिंतीपासून लांब, खिडकीखाली टेकवलं, पंप तोंडाला लावला. पण ती ओढेचना. डोळे सासूवर खिळलेले आणि दात आवळलेले. औषध दोनदा फुकट हवेत गेलं. ती भीतीनंच गुदमरत होती आणि माझ्या भाषणात भीतीवर एक शब्दही नव्हता. ही पोरगी माझ्या हातात जाते की काय, असं मला खरंच वाटलं.

तेव्हा जे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"अगं, माझ्या घरचा दोनदा विझलाय. एकदा पंख्यानं, एकदा मला डुलकी लागली म्हणून. गुपचूप काडी ओढली आणि परत लावला. आजपर्यंत कुणाला माहीत नाही."

ती माझ्याकडं बघायला लागली. खोलीत फक्त तिच्या छातीची शिट्टी चालू होती. मग दारातून आवाज आला, हळू, कुठल्यातरी हिशोबाला लागल्यासारखा.

"माझा तीनदा."

सुनेनं मान वळवली. तिचे दात सुटले. मी पंप दाबला आणि या वेळी तिनं तो छातीभर ओढला. थोडं थांबून परत एकदा, मग परत. सासूनं सूप खाली ठेवलं. तिनं काडी ओढून दिवा लावला, समोर स्वतःचा पदर आडवा धरला आणि तशीच बसून राहिली. खिडकी उघडीच होती.

पंधराएक मिनिटं गेली असतील. खळी आत जायची थांबली, ओठांवर रंग आला. मी मनातल्या मनात तिचे शब्द मोजायला तयार झाले होते. एक सलग वाक्य बोलली की धोका टळला, असा आमचा ठोकताळा असतो. तिचं पहिलं सलग वाक्य माझ्यासाठी नव्हतं.

"मग मामा गेले त्ये माझ्या माथी का मारलं, आत्या?"

सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या, आमच्याकडं असंच म्हणतात. त्या आत्या दिव्याकडं बघत राहिल्या. "कुनाच्या तरी माथी मारायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "न्हायतर मला झोप लागंना."

सून वर्षभर झोपली होती की नाही, हे त्यांना विचारावंसं वाटलं. पण मी पंपाला टोपण लावलं. माझ्या फटकळ तोंडाला सुद्धा कधीकधी कळतं.

सुनेला मी रिक्षात घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथं तिला औषधाची वाफ दिली. निघताना सासू मागून आली. "सिस्टर, ती भिंत कशानं धुवायची?" इतक्या महिन्यांत गल्लीतल्या कुणी मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"साबणाच्या पाण्यानं. नाकाला फडकं बांधून. आणि तुम्ही धुवायची, तिनं नाही."

त्या दिवशी घरी जाऊन मी आधी माझ्या देवघराची खिडकी उघडली. दिव्यावर कंदिलाची काच बसवली. तेव्हापासून माझ्या भाषणात कंदिलाची काच आली, आणि खिडकी उघडा म्हणायच्या आधी ती बंद का आहे हे विचारणंही आलं. नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "आईचाबी विझायचा."

दसऱ्यानंतर मी त्या घरी गेले. साडी काढली होती, भिंत धुतली होती, टाकीवाल्या शेजाऱ्याशी भांडणही करून झालं होतं. सासूच्या बोटांची साबणानं सालं निघाली होती. सून खिडकीशी बसून शेंगा फोडत होती, श्वास मोकळा. माझ्याशी चांगली बोलली. सासूशी ती अजून बोलत नव्हती.

निघताना सासूनं मला दाराशी थांबवलं. "सिस्टर, तिला सांगा की. म्हनावं, चूक माझी हुती."

सून चार हातांवर बसली होती. शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"ते मी नाही सांगणार, मावशी," मी म्हणाले. "ते तुम्हीच सांगा." आणि चप्पल घालून पुढच्या घराकडं निघाले.