दहा खोल्यांच्या लॉजला निघालेली माणसं

मी ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही. पण ऑस्ट्रेलियाला निघालेली माणसं इतकी पाहिलीत, की त्यांचे किस्से सांगायला बसले तर चहा तीनदा गरम करावा लागतो!

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी सिंगापूरमध्ये एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात नोकरीला लागले. नवरा अकाउंटंट, मुलगी शाळेत, मी दिवसभर फ्लॅटमध्ये. कंटाळले म्हणून लागले, इतकंच. जुन्या शॉपिंग कॉम्प्लेक्सचा दुसरा मजला, एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. ऑफिसात आम्ही दोघीच. मालकीणबाई मिसेस टे, साठीच्या, बुटक्या, कायम घाईत असलेल्या, आणि मी.

काम एकच. ऑस्ट्रेलियातल्या लहानशा, पण एकदम लक्झरी लॉजच्या ट्रिपा आखायच्या. दहा-बारा खोल्यांचं एकेक लॉज. तीन रात्री रीफवरच्या, म्हणजे प्रवाळाच्या बेटावर, तीन रेनफॉरेस्टमध्ये, आणि शेवटी आउटबॅक, म्हणजे मधलं लाल मातीचं वाळवंट. तिथे तंबू. तंबू आपलं म्हणायचं. आत पलंग, बाथटब, सगळं!

मराठी गिऱ्हाईक आलं की मिसेस टे माझ्याकडे बोट दाखवायच्या. आणि मराठी माणूस ट्रिप ठरवायला बसला की नुसती ट्रिप ठरवत नाही, अख्खं घर टेबलावर मांडतो. मग फाइल कपाटात जाते आणि माणसं डोक्यात राहतात.

* * *

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा. नोकरीला महिनाही झाला नव्हता. फोनवर एका बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः राहिलायत का हो रेनफॉरेस्टमध्ये?"

मी म्हटलं, "हो तर!"

मिसेस टेंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण माझा चेहरा कळला. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "सॅटर्डे मॉर्निंग, चांगी जेट्टी. ओल्ड शूज."

शनिवारी त्यांनी मला पुलाउ उबीनला, सिंगापूरजवळच्या एका रानाच्या बेटावर नेलं. तिथली छोटी मोटारबोट, बंबोट, बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून अर्धा तास लाकडी बाकावर. मग भाड्याच्या सायकली. जुन्या मलाय वस्तीतली, कंपाँगमधली घरं मागे पडली आणि झाडीत शिरलो, तोच पाऊस! चिखलात माझी सायकल रुतली. डासांनी पाय फोडून काढले. एक रानडुक्कर समोरून गेलं, मी किंचाळले. मिसेस टे मात्र प्लास्टिकचा रेनकोट घालून पुढे चाललेल्या.

परत जेट्टीवर येऊन ओल्या कपड्यांत शहाळं पीत बसलो. तेव्हा त्या आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "फॉरेस्ट गॉट. मड गॉट. मॉस्किटो गॉट. बोट ऑल्सो गॉट. ऑस्ट्रेलिया एक्स्ट्रा गॉट व्हॉट? बेडशीट ओन्ली, लाह!"

सोमवारी मी त्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. एवढंच म्हटलं, "लॉज नाही पाहिलं, पण चिखलाबद्दल काहीही विचारा." त्यांनी बुकिंग केलं!

* * *

आउटबॅकच्या लॉजला छोटं विमान जातं. आठ-दहा सीटचं. त्यामुळे प्रत्येक प्रवाशाचं खरं वजन आधी कळवावं लागतं. आता हे नवरा-बायकोला समोरासमोर विचारायचं म्हणजे...!

देशपांडे पती-पत्नी आले होते, पन्नाशीचे. देशपांड्यांनी झटकन सांगितलं, "बहात्तर किलो." बाईंनी माझ्याकडून चिठ्ठी मागितली, हाताचा आडोसा केला, लिहिलं आणि घडी घालून दिली. चौसष्ट.

तासाभरात देशपांड्यांचा फोन. आवाज अगदी दबका. "माझं बहात्तर नका लिहू. शहात्तर लिहा."

"अहो, पण तुम्ही तर..."

"तिनं चौसष्ट लिहिलंय ना?"

मी फाइल चाळायला लागले. दुसऱ्याचं वजन कसं सांगणार?

"वाटलंच. तिचे ते चार किलो माझ्यात धरा. पायलटला काय, बेरजेशी मतलब!"

मी मिसेस टेंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिकडे धावपट्टीवर पुन्हा काट्यावर उभं करतात! मी ताबडतोब लॉजला फोन लावला. पलीकडची मुलगी आधी खूप हसली, मग म्हणाली, "काळजी करू नका, बघते मी."

आठवडाभरानं देशपांड्यांचा मेसेज आला. "पायलटनं आम्हा दोघांना एकदमच काट्यावर उभं केलं. एकशे चाळीस. बरोब्बर!"

* * *

सिंगापूरच्याच सेरंगून भागातले सबनीस बँकेत होते. लंच अवरमध्ये एकटेच आले, टाय खांद्यावर टाकून. म्हणाले, "माझी बायको, अनघा, कॉलेजकडून पोहायची. लग्नानंतर आम्ही जिथे जिथे गेलो तिथे ती माझ्याबरोबर काठावर बसली. मला पाण्याची भीती वाटते, म्हणून. वीस वर्षं!"

मी म्हटलं, "काचेच्या तळाची बोट असते. तुम्ही बोटीत, त्या पाण्यात."

"काच नको. तिच्या शेजारी."

मग त्यांनी मास्क आणि नळी विकत घेतली आणि घरी प्रॅक्टिस सुरू केली. अनघाताई संध्याकाळी क्लास घ्यायला बाहेर जात, तेवढ्या वेळात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, आणि हे गृहस्थ सोफ्यावर बसून फूऽऽ फूऽऽ श्वास घेताहेत! मुलगा होमवर्क सोडून कोच झाला. "पपा, रिलॅक्स लाह! डोंट फाइट द पाइप!"

त्यांच्या फ्लॅटची खिडकी कॉमन कॉरिडॉरमध्ये उघडायची. शेजारच्या चिनी आंटीनं जाता-येता दोन दिवस हा प्रकार पाहिला. तिसऱ्या दिवशी बेल वाजवली आणि हातात सुपाचं भांडं दिलं. "फॉर युअर लंग्ज. ड्रिंक हॉट."

समजावून सांगणार तरी काय! सबनीसांनी आठवडाभर रोज ते सूप प्यायलं.

ट्रिपहून आल्यावर दोघं ऑफिसात आले. अनघाताई सांगत होत्या, "अकरा मिनिटं होते हो पाण्यात! माझा हात धरून. पण डोळे घट्ट मिटलेले! मास्कमधून दिसत होतं मला."

मी सबनीसांना विचारलं, "म्हणजे मासे पाहिलेच नाहीत?"

ते म्हणाले, "मासे बघायला ती होती ना!"

* * *

यिशुनच्या कमलआजींचं वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा नितीन आणि सून त्यांना घेऊन निघाले होते. सगळं ठरलं आणि मग कॅलेंडर बघता लक्षात आलं, रेनफॉरेस्टच्या मुक्कामात एकादशी!

आजी म्हणाल्या, "माझं काही बघू नका. मी पाणी पिऊन राहीन." नितीनचा चेहरा पडला.

मी लॉजच्या शेफला फोन लावला. बिचारा वही घेऊनच बसला होता. मी सांगत गेले, भात नाही, पोळी नाही, कांदा नाही. साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, बटाटा, रताळं, नारळ, गूळ चालतो.

तो म्हणाला, "आणि याला त्या उपास म्हणतात?"

आता याला खिचडी कशी शिकवायची? साबुदाणा किती भिजवायचा हे तर आपल्याकडे सख्ख्या जावा-जावांतही जमत नाही! मी दोनदा सांगितलं, दोनदा तो गोंधळला. शेवटी मिसेस टेंनी माझ्या हातून रिसीव्हर ओढून घेतला. त्यांना त्यातला एकच शब्द ओळखीचा होता, सागो, म्हणजे साबुदाणा.

"सागो? बॉइल. कोकोनट मिल्क. गुला मेलाका. फिनिश! एव्हरीबडीज ग्रँडमदर ऑल्सो कॅन!"

गुला मेलाका म्हणजे इथला माडाचा गूळ. मी मनातल्या मनात तपासलं. साबुदाणा, नारळाचं दूध, गूळ. सगळं उपासाचं!

पुढचं नितीननं सांगितलं. एकादशीच्या सकाळी शेफ स्वतः वाडगा घेऊन आला. बाहेर झाडांतून पाऊस ठिबकत होता. आजींनी चमच्यानं साबुदाणा उचलून पाहिला, वास घेतला, काय काय घातलंय ते विचारून घेतलं. मग एक घास खाल्ला. मग दुसरा. वाडगा रिकामा झाल्यावर त्यांनी शेफकडे फार मायेनं पाहिलं आणि नितीनला म्हणाल्या, "यांच्यातही एकादशी असते होय रे?"

नितीननं एकदा त्या उंच, लाल दाढीवाल्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाला, "असते, आई."

* * *

मुग्धा फायनान्समध्ये होती, एकटीच राहायची. आईवडिलांना वाईहून आणून ही ट्रिप द्यायची, असं तिच्या फार मनात होतं. वडील निवृत्त शिक्षक, मराठीचे. परदेश पहिल्यांदाच. मुग्धा म्हणाली, "बाबा इंग्रजी वाचतात, पण परक्यासारखं वाचतात. त्यांना ट्रिप आपली वाटायला हवी."

म्हणून मी अख्खा कार्यक्रम मराठीत लिहून काढला. हातानं. चौदा पानं. 'स्नॉर्केलिंग'पाशी पाऊण तास अडले. शेवटी लिहिलं, 'तोंडात नळी धरून उपडे तरंगणे'. आउटबॅकच्या पानावर लिहिलं, 'पहाटे उठून लाल डोंगरावरचा सुर्योदय पाहणे'.

मुग्धानं पानं वाईला पाठवली. तीन आठवड्यांनी पानं परत आली. प्रत्येक पानावर लाल शाई! 'नळी धरून'खाली रेघ, समासात 'छान'. 'सुर्योदय'भोवती मोठ्ठं वर्तुळ, आणि बाजूला, 'सू दीर्घ!!' शेवटी, दहापैकी सहा. आणि खाली बारीक अक्षरात, 'बेत उत्तम. परंतु मुलीच्या जिवाला फार तोशीस नको.'

मुग्धानं ती ओळ वाचली आणि आमच्या ऑफिसातच रडायला लागली. मिसेस टे टिशूचा डबा घेऊन आल्या. त्यांना वाटलं, मार्क कमी पडले म्हणून!

ट्रिप झाली. महिन्याभरानं माझ्या नावानं ऑफिसच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. लाल डोंगराचं चित्र, मागे तेच वळणदार अक्षर.

'सौ. ताईंस सप्रेम नमस्कार. सूर्योदय पाहिला. दीर्घच होता.'

* * *

करंदीकर काका-काकू इथे मुलाकडे राहायचे. काकांना गेली बारा-तेरा वर्षं ऐकू कमी येत गेलेलं. कानात मशीन होतं, पण त्यातूनही फारसं नाही. बोलायचं सगळं काम काकूंकडे. मी काकांना विचारलं, "कॉफी घेणार?" तर काकू म्हणाल्या, "नको त्यांना." मी विचारलं, "खिडकीची सीट?" काकू म्हणाल्या, "चालेल त्यांना." काका आपले माझ्या टेबलावरचे फोटो बघत बसलेले.

काकूंना हवा होता रीफ. रंग, मासे, माणसं. "शेवटचं ते वाळवंट काढूनच टाका. आहे काय तिथे? ना झाड, ना दुकान, ना चिटपाखरू!"

मी वाळवंटावर पेन्सिलनं काट मारायला लागले, तेवढ्यात काकांनी माझ्या पेन्सिलीवर हात ठेवला. "तीन रात्री," म्हणाले. ऐकू न येणाऱ्यांचा आवाज मोठा असतो, शिंप्यानंही डोकावून पाहिलं. काकूंनी त्यांच्या कानाशी जाऊन समजावलं, कागदावर लिहून समजावलं. काका म्हणाले, "तीन."

काकू रागावूनच गेल्या. बाकीची सगळी ट्रिप त्यांनी ठरवली, ती एक गोष्ट काकांची.

परत आल्यावर काकूंचा फोन आला. मला वाटलं, तक्रार असणार. पण आवाज वेगळाच होता.

"अगं, दुसऱ्या दिवशी गाइडनं आम्हाला जीपमधून लांब नेलं. अजून एक जोडपं होतं बरोबर. मधेच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. म्हणाला, आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. नुसतं ऐका. आणि काय सांगू तुला, काही नाही गं! वारा नाही, पक्षी नाही, किडा नाही. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. कानात दडे बसल्यासारखं झालं. मला भीतीच वाटायला लागली. मी यांचा दंड घट्ट धरला."

"मग?"

"यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कानातलं मशीन काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं. आणि बोलले. त्यांच्या त्या मोठ्या आवाजात! ते दुसरं जोडपं दचकलं."

"काय बोलले?"

"म्हणाले, 'मी रोज इथेच असतो. आज तू आलीस.'"

काकू पुढे म्हणाल्या, "गाइड माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, यांना काही होतंय. 'इज ही ओके? गाडी सुरू करू का?' विचारायला लागला."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, आणखी पाच मिनिटं थांबता येईल का?"