दोन हजार सालचं ठिगळ

माझ्या मामेसासऱ्यांइतका पक्का निराश माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नसेल. निराश म्हणजे रडका नव्हे. ते गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, अगदी शांतपणे निराश असत. लांबून एसटी दिसली आणि कुणी 'आली, आली' म्हणून पिशव्या उचलल्या की ते म्हणत, "दिसली. आली असं आत बसल्यावर म्हणायचं." घरात दूध तापत ठेवलं की ते नासणार, डॉक्टरनं साधा खोकला म्हटलं की डॉक्टर काहीतरी लपवतोय, आणि चप्पल नवी घेतली की चावणार, याबद्दल त्यांना कधी शंका नसे. माझ्याच लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, ते माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं आशीर्वाद देतायत. म्हणाले, "अजून काही खरं नाही." आणि हे लग्न जमवलं होतं त्यांनीच!

आमची ओळख मुळात फोनवरची. त्या काळात मी साताऱ्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. सूतगिरण्या, दूध संघ अशांना आम्ही हजेरीचे, पगाराचे प्रोग्रॅम करून देत असू. त्यांत चुका निघत, आणि त्या दुरुस्त करणारा तुकडा, म्हणजे पॅच, टेलिफोनच्या तारेवरून पाठवावा लागे. दोन्हीकडे मोडेम नावाची एक डबी असे. ती आधी किंचाळायची, मग खरखरायची आणि मग गप्प होऊन थेंबाथेंबानं काम करायची. एवढासा तुकडा पोचायला अर्धा दिवस जाई, आणि मध्ये लाइन तुटली की पहिल्यापासून सुरुवात. मामा कुंडलच्या पलीकडे माळावरच्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख होते आणि त्या खात्यातले एकमेव इसमही तेच. पॅचला ते ठिगळ म्हणत. "नीट शिवला असता तर एवढी ठिगळं कशाला लागली असती?" असं दर वेळी ऐकवून मगच ते मोडेमचं बटण दाबत. त्याआधी साताऱ्यात वारं कसं आहे याची चौकशी होई. मग ते खोलीतला पंखा बंद करत, खुर्च्या हलवायला मनाई करत आणि शिपायाला बाहेर उभं करून सायकलवाल्यांना घंटी वाजवू देत नसत. स्वतः टेलिफोनच्या वायरीवर दोन बोटं ठेवून बसत, नाडी बघावी तसे. याचा लाइनशी काडीचा संबंध नाही हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नसेल. पण हात काढल्यावर तुटली तर?"

लाइन तुटायचीच. मग फोन वाजे आणि पलीकडून एकच शब्द येई, "गेलं." तो अशा आवाजात येई की आमच्या ऑफिसात नवीन आलेली एक मुलगी उठून उभी राहिली आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागली. पण मामा कधी चिडले नाहीत. एका उन्हाळ्यात सबंध दिवस लाइन तुटत राहिली, आणि मी दर वेळी "परत करू" एवढंच म्हणत राहिलो. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "तुमचं लग्न झालंय का?" मला वाटलं, पगाराच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिघडलं. नंतर कळलं, त्यांनी आपल्या बहिणीकडं, म्हणजे माझ्या आताच्या सासूबाईंकडं, माझी शिफारस केली होती ती अशी, "मुलाचं बाकी काही माहीत नाही. पण तुटल्यावर चिडत नाही."

गिरणी बंद पडणार असं मामा कित्येक वर्षं सांगत होते. लोक हसत. मग आधी रात्रपाळी गेली, नंतर दुसरी पाळी, आणि एका सकाळी गेटवर कागद लागला. मामांचं खरं झालं, पण कुणाला त्यांची थट्टा करवली नाही, कारण सगळ्यांत जास्त खचले तेच. कामगार घरी गेले. ऑफिसातली दोनचार माणसं देखरेखीला ठेवली, त्यांत मामा होते. ते रोज वेळेवर जात, कॉम्प्युटरवरची धूळ पुसत आणि संध्याकाळी घरी येत. मामी म्हणत, "हल्ली हे काही वाईट बोलतच नाहीत हो. मला काळजी वाटते."

दोन हजार साल जवळ आलं तशी आमच्याकडं धांदल उडाली. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे ठेवलेले. दोन शून्यं दिसली की मशीन एकोणीसशे साल समजणार. आम्ही सगळ्यांसाठी पॅच तयार केला आणि एकेका ठिकाणी पाठवायला लागलो. मामांचा फोन आला, "आमचं ठिगळ कधी?"

"मामा, गिरणी बंद आहे."

"बंद आहे. मोडलेली नाही," ते म्हणाले. "समजा जानेवारीत चालू झाली, आणि मशीन म्हणालं, ही माणसं अजून जन्मालाच आलेली नाहीत, तर हजेरी कुणाची मांडू?"

या माणसाच्या तोंडून 'समजा चालू झाली' हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण मी एका सहकाऱ्याला साताऱ्याच्या मोडेमवर बसवलं आणि रविवारी सकाळच्या गाडीनं स्वतः गिरणीत गेलो.

खात्यात सगळं दडपल्यासारखं शांत होतं. खिडक्यांच्या जाळ्यांत कापसाचे तंतू अजून अडकलेले होते. मामांनी सवयीनं पंखा बंद केला, वायरीवर बोटं ठेवली. मोडेम किंचाळला, आणि त्या ओसाड आवारात तो आवाज केवढा मोठा झाला! थोड्या वेळानं दारात एक माणूस आला, मग तिघं, मग बायकाही. गिरणीत कॉम्प्युटर चालू झालाय, ही बातमी कामगारांच्या वस्तीत पोचली होती, आणि पोचेपर्यंत तिचं 'गिरणी चालू हुतीया' झालं होतं.

"काय वं सायेब, कवापास्नं पाळी?" एकानं विचारलं.

मी मामांकडं पाहिलं. आयुष्यभर वाईट बातमी आगाऊ देत आलेला माणूस. त्याला आता फक्त खरं काय ते सांगायचं होतं. वायरीवरची बोटं न काढता त्यांनी त्या माणसाकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, "पाळीचं मला काही माहीत नाही. नव्या सालाची दुरुस्ती चाललीय. बसा."

माणसं व्हरांड्यात बसली. लाइन तुटली. कुणी उठलं नाही. परत लावली, परत तुटली. दुपार कलली तेव्हा कुठं तो तुकडा पुरा उतरला. मामांनी मशीनला पुढची तारीख घातली आणि जानेवारीचं हजेरीपत्रक पडद्यावर आणलं. रकाने रिकामे होते, नावं मात्र सगळी होती. मागून एक बाई पुढं आली. सूत गुंडाळण्याच्या खात्यातली होती, असं मामांनी मला नंतर सांगितलं.

"सायेब, माजं नाव हाय का वं त्यात?"

नावं इंग्रजीत होती. मामांनी पडद्यावर बोट ठेवून तिचं नाव सबंध वाचलं, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. "आहे."

"दोन हजार सालात?"

"दोन हजार सालात."

मग रांगच लागली. "माजं बगा." "आमच्या मालकाचं बगा, त्यांस्नी बरं न्हाई म्हणून आल्यालं न्हाईत." मामा प्रत्येकाचं नाव शोधून वाचून दाखवत होते, आणि ऐकलेला माणूस मान हलवून बाजूला होत होता. सगळे गेल्यावर मामांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"जावईबापू, मी त्यांना खोटं तर नाही ना सांगितलं?"

"नाही मामा. नावं आहेत."

"आहेत. तेवढंच म्हणालो मी."

गिरणी पुन्हा उघडली नाही. पुढं यंत्रं भंगारात गेली, माणसं कुठं कुठं पांगली, मामा सांगलीला मुलाकडं राहायला गेले आणि दोनच पावसाळे जगले. पण मला राहून राहून आठवतो तो नव्या सालाच्या पहिल्या सकाळचा त्यांचा फोन. आमच्या ऑफिसात सगळीकडून फोन घणघणत होते. त्यांतलाच एक त्यांचा. ते गिरणीत जाऊन बसले होते.

"साल बरोबर दाखवतंय," ते म्हणाले.

"चला, जमलं मामा."

"हो. जमलं." पलीकडं पाखरांचा आवाज येत होता, इतकं तिथं सामसूम होतं. "बंद करू का आता?"

मशीन त्यांच्या ताब्यातलं, बटण त्यांच्या हाताशी. मला का विचारत होते कोण जाणे. शेजारचा फोन वाजत होता, साहेब हाका मारत होते.

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.