रेडिओबाई गप्प झाल्या तेव्हा

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंना सगळे रेडिओबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. पोटुशी बाई पलंगावर आडवी झाली, पडदा ओढला, की यांची जीभ सुरू. जेलची बाटली त्या गरम पाण्याच्या मगात उभी ठेवत, पोटाला गार चटका बसू नये म्हणून. बोलणंही तसंच, ऊब द्यायला. "हा बघ पाय. लाथा काय झाडतंय! हा कणा, मणी ओवल्यासारखा." अंधाऱ्या खोलीत डॉक्टर गप्प बसला की आईला नको नको ते सुचतं, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून हात, डोळे आणि तोंड तिन्ही एकदम चालायची.

बाईंच्या धाकट्या बहिणीची कूस उजवायला फार वर्षं लागली होती. पाचवा महिना लागल्यावर ती तपासणीला आली. नवरा तिची पर्स छातीशी धरून कोपऱ्यात उभा.

"काय ताई, आज काय लावणार?"

"नुसती गाणी. बातम्यांना सुट्टी. भावजी, पर्स खाली ठेवा, इथे चोर नाहीत."

डोकं, कणा, हातपाय, सगळं जागच्या जागी. मग हृदय. चारही कप्पे नीट, ठोके घोडा दौडावा तसे. बाईंचा जीव भांड्यात पडला. राहिल्या होत्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या. हाताची घडी घालावी तशा त्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. पण बाळ पाठ करून बसलेलं, चित्र धूसर. आणि नेमकं तेव्हाच बाईंचं बोलणं वाढलं. नाक कुणावर गेलंय, कान कुणाचे, पाळणा कुठला घ्यायचा. बोलता बोलता त्यांनी पुसायच्या कागदाकडे हातही नेला. "झालं हं. छान आहे सगळं."

धाकटीने त्यांचं मनगट धरलं. "ताई, काचेची बरणी फोडलीस ना लहानपणी, तेव्हा तू अशीच बोलत सुटली होतीस."

"काहीतरीच तुझं!"

"अगं, त्या डॉक्टर आहेत," नवरा म्हणाला.

"डॉक्टर जगाची. एका अंथरुणात वाढलोय आम्ही. ताई, गप्प बस आणि नीट बघ. मी घाबरत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. आपल्या माणसाचं पोट बघताना डोळेसुद्धा नातेवाईक होतात. जे बघायचं नाही त्याला परस्पर वाटेला लावतात. त्यांनी धाकटीला बाहेर फेऱ्या मारायला लावल्या, पुन्हा निजवलं, कुशीवर वळवलं. खोलीत स्टुलाच्या चाकाची कुरकूर तेवढी वाजत होती. बाळ हललं, चित्र उजळलं. दोन्ही वाहिन्या शेजारी शेजारी, रुळांसारख्या सरळ निघाल्या होत्या.

साऱ्या गावाला शब्द पुरवणाऱ्या बाईंना एक शब्द सापडेना. त्यांनी हाताची घडी घालून दाखवली. "अशा हव्यात." मग दोन्ही हात समोर सरळ धरले. "अशा आहेत."

"म्हणजे?"

"वाहिन्यांची अदलाबदल झालीय. शुद्ध रक्त फुप्फुसातच फिरत राहणार, अंगाला वापरलेलंच मिळणार. पोटात आहे तोवर तुझं रक्त निभावून नेतंय. जन्मलं की निळं पडेल."

"जगेल?"

"ऑपरेशन असतं याचं. पण जन्म तिथेच व्हायला हवा, जिथे इवल्या हृदयांचे सर्जन आहेत. आधी तिथे पुन्हा तपासून घेऊ. खात्री मी देत नाही गं."

"खात्री मागितलीय कुणी? वाट सांग."

त्याच वाटेने सगळे गेले. दूरच्या मोठ्या इस्पितळात मुलगी झाली, ओठ जांभळे घेऊनच. औषधाच्या थेंबांवर तिला तगवलं आणि आठवड्याच्या आत छाती उघडायला नेलं. बाहेर लोखंडी खुर्च्यांवर दोघी बहिणी. बाई सकाळपासून मुक्या.

"ताई, आता लाव की काहीतरी."

"काय लावू?"

"बरणीचं. आळ कुणावर घातलास ते सांग."

"मांजरावर. शेजारच्यांच्या."

"आणि ते मांजर मरून महिना झाला होता!" धाकटी पोटावरचे सिझेरियनचे टाके दाबून हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाई सांगतच राहिल्या. दार उघडलं. सर्जनने मास्क खाली ओढला. "हृदय आपलं आपण चालायला लागलंय. अजून काही दिवस डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल."

बसले सगळे. पोर घरी आली, छातीवर उभी रेघ घेऊन. आता एवढी बोलते की कुणावर गेलीय ते सांगायला सोनोग्राफी नको.

रेडिओबाई अजून पाय दाखवतात, कणा दाखवतात, हसवतात. हृदयाशी आल्या की थांबतात. "आता मी थोडा वेळ बोलणार नाही, बघणार आहे. घाबरू नकोस हं." कुणाकुणाच्या वेळी ते बघणं फार लांबतं. सगळीच लेकरं घरी येत नाहीत, ते बाईंना ठाऊक आहे. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहते, आणि खोलीत स्टुलाचं चाक कुरकुरत असतं.